विश्लेषण : चार किलोचा पंखा नेमका कशाच्या भरवशावर? छताला पंखा बसवताना काय तपासावे?

उन्हाळ्याची चाहूल लागली की नवा पंखा घरी येतो. वायरमन येतो, जुना उतरवतो, नवा चढवतो आणि बटण दाबून दाखवतो. वारा लागला की काम झाले, असे मानून पैसे दिले जातात. पण पंखा फिरला याचा अर्थ तारा बरोबर जोडल्या गेल्या, इतकाच. तो नीट टांगला गेला आहे का, याचे उत्तर बटण देत नाही. आणि पुढची दहा-पंधरा वर्षे घरातली माणसे झोपणार असतात ती याच पंख्याच्या बरोबर खाली.

पंख्याचा भार कोण पेलतो?

नेहमीच्या वापरातला १२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंची पंखा साधारण चार किलोचा असतो. जुने, ओतीव लोखंडाच्या मोटरचे पंखे याहून बरेच जड. हा भार एका साखळीतून छतापर्यंत जातो. स्लॅबमध्ये रोवलेला हूक, हुकात बसणारा रबरी गुल्ला, गुल्ल्याच्या भोकातून जाणारा बोल्ट, त्या बोल्टला दोन्ही बाजूंनी धरणारी यू आकाराची पट्टी म्हणजे शॅकल, शॅकलला जोडलेला रॉड आणि रॉडच्या खालच्या टोकाला पुन्हा बोल्टने अडकवलेली मोटर. यातली एक कडी सुटली तर बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नाही. वरखाली दिसणाऱ्या वाट्या, म्हणजे कॅनोपी, यात मोडत नाहीत. त्या फक्त हे सारे झाकतात. अडचण अशी, की जे तपासायला हवे ते नेमके त्यांच्याच आड जाते.

गुल्ला रबरी असतो त्यालाही कारण आहे. पंखा कडक बांधलेला नसतो, लोंबकळता ठेवलेला असतो. सुरू होताना तो किंचित हलतो आणि आपला तोल शोधून सरळ उभा राहतो. हे हलणे रबर पचवते. गुल्ला वाळून तडकला किंवा झिजून गेला, की लोखंडावर लोखंड घासू लागते आणि हुकाच्या आतल्या बाजूला खाच पडते. म्हणून नव्या पंख्यासोबत नवा गुल्ला आलेला असताना ‘जुनाच चांगला आहे’ म्हणून तो ठेवणे ही खोटी काटकसर आहे.

एका छोट्या पिनला एवढे महत्त्व का?

पूर्ण वेगात पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो. म्हणजे तासाला २१ हजार. दिवसाला दहा तास धरले तर मार्च ते जून या चार महिन्यांत अडीच कोटी फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात बारीकसे कंपन असते, आणि सतत कंपन सोसणारा नट कितीही आवळलेला असला तरी हळूहळू सैल होऊ शकतो. हे पंख्यापुरते नाही. कंपन असणाऱ्या कोणत्याही यंत्रात हेच घडते.

यावरचा उपाय जुना आणि अगदी साधा आहे. बोल्टच्या टोकाला एक आडवे भोक असते. नट आवळल्यावर त्याच्या पुढच्या बाजूने या भोकात दुहेरी तारेची पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना फाकवायचे. याला स्प्लिट पिन किंवा कॉटर पिन म्हणतात. आता नट सैल झाला तरी बोल्टवरून निघून पडू शकत नाही. पंखा थोडा खडखडेल, कुणाच्या तरी लक्षात येईल, पण खाली येणार नाही. अशा पिना दोन ठिकाणी लागतात : वर शॅकलच्या बोल्टला आणि खाली रॉड मोटरला जोडतो तिथे.

हीच पिन सर्वाधिक वेळा राहून जाते. कधी नटाखाली जादा वॉशर पडल्याने भोक झाकले जाते. कधी शिडीवर हात वर करून दुखून आलेला असतो. कधी जुनीच पिन सरळ करून पुन्हा वापरली जाते. एकदा वाकवून सरळ केलेली तार दुसऱ्यांदा वाकवताना तुटते किंवा तुटण्याच्या बेतात येते. बांधकामाच्या तारेचा तुकडा पिळून बसवण्याची पद्धतही सर्रास आहे, ती पिनची जागा घेऊ शकत नाही. ग्राहकाला यातले काही वर चढून पाहता आले नाही तरी एक गोष्ट खालूनही कळते. पंख्याच्या खोक्यात नट, बोल्ट, पिना यांची एक पिशवी असते. काम संपल्यावर त्या पिशवीत पिन उरली असेल, तर वायरमन निघण्याआधी वाटी खाली सरकवून दाखवायला सांगावे.

रॉडच्या खालच्या जोडात आणखी एक गोष्ट असते. काही पंख्यांत रॉड आट्यांवर बसतो आणि तो फिरू नये म्हणून बाजूने एक लहान स्क्रू आवळायचा असतो. बोल्ट, पिन आणि हा स्क्रू हे तिन्ही असेल तिथे तिन्ही हवेत. एक आहे म्हणून दुसरा चालवून घेऊ नये. काही कंपन्या आता पोलादी सुरक्षा दोरही देतात. त्याचे एक टोक पंख्याला आणि दुसरे छतातल्या वेगळ्या आधाराला बांधायचे असते. तो त्याच हुकात अडकवला तर हूकच निखळल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

हूक पक्का आहे हे कसे ओळखायचे?

नव्या इमारतींत स्लॅब ओततानाच लोखंडी फॅन बॉक्स बसवला जातो आणि त्यातली आडवी सळई किंवा हूक स्लॅबच्या सळयांना अडकवलेला असतो. जुन्या इमारतींतही स्लॅब टाकताना सोडलेला हूक असतो. ही पद्धत भक्कम आहे. असा हूक काँक्रीट आणि सळया शाबूत असेपर्यंत सहसा सोडत नाही. प्रश्न येतो तो पाण्याने.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून किंवा गच्चीतून झिरपणारे पाणी सळयांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येतो, काँक्रीट तडकते आणि थरच्या थर सुटू लागतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. बाहेरून हूक जाडजूड दिसत असतो आणि ज्या ठिकाणी तो काँक्रीटमध्ये शिरतो तिथे त्याची जाडी निम्म्यावर आलेली असते. वरून रंगाचे दोन हात मारलेले असले तर काहीच दिसत नाही.

तरी खुणा असतात. हुकाभोवती तपकिरी डाग, हुकापासून चारी बाजूंना निघालेल्या बारीक भेगा, फुगलेला गिलावा, पावसाळ्यात ओलसर होणारा भाग. हातोडीच्या दांड्याने छतावर हलके ठोकून पाहिले तर भरीव आणि पोकळ आवाजातला फरक सहज कळतो. गिलावाच पोकळ असेल तर तो पाडून पुन्हा करता येतो. पण आतली सळई उघडी पडून पापुद्रे सुटत असतील तर तो वायरमनचा विषय राहत नाही, तिथे स्थापत्य अभियंत्याला दाखवावे लागते. तोपर्यंत त्या खोलीत टेबल पंखा किंवा भिंतीवरचा पंखा बरा.

जुन्या हुकावर नवा पंखा चढवण्यापूर्वी एक घरगुती चाचणी करता येते. हुकाला जाड दोर बांधून खाली पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली अशी टांगावी, की ती जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर राहील. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हा भार पंख्याच्या तीन-चार पट झाला. बादली तासभर तशीच राहू द्यावी आणि हुकाच्या मुळाशी भेग किंवा भुगा दिसतो का पाहावे. पंख्याचा भार मात्र बादलीसारखा स्थिर नसतो, त्यामुळे यातून पास झालेला हूक वर्षानुवर्षे टिकेल अशी हमी मिळत नाही. नापास होणारा हूक मात्र बादलीवरच भागतो, डोक्यावर येत नाही.

गळतीची दुरुस्ती कुणी करायची, यावरून अनेक सोसायट्यांत वाद रेंगाळतात आणि तोवर पंखा त्याच ओल्या छताला फिरत राहतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे आणि गिलाव्याचे नुकसान झाले, तर दुरुस्तीचा खर्च संस्थेने करायचा असतो. याच उपविधींत १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद आहे. त्या अहवालात छताच्या सळया गंजल्याचा उल्लेख असेल तर तो पंख्याच्या हुकालाही लागू होतो, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही.

स्लॅबच नसेल तर?

राज्यातली सगळी घरे स्लॅबची नाहीत. वाड्यात किंवा कोकणातल्या कौलारू घरात पंखा तुळईला टांगतात. तिथे लाकडात नुसता हूक पिळून बसवण्यापेक्षा तुळईला वेढा घालणारा लोखंडी क्लॅम्प आरपार बोल्टने आवळणे अधिक सुरक्षित, कारण लाकूड वाळते, वाळवी लागते आणि आटे सैल होतात. वाशाला पंखा टांगू नये, तो कौलांपुरता असतो. जुन्या चाळींत लोखंडी गर्डर असतात, तिथेही क्लॅम्पच. पत्र्याच्या घरात पत्र्याला कधीच नाही. खालच्या पाइपला किंवा अँगलला, आणि तोही भिंतीत नीट रोवलेला असेल तर.

शहरांत नवी अडचण आहे ती पीओपी आणि जिप्समच्या खोट्या छताची. ते छत स्वतःचेच वजन बारीक पट्ट्यांवर कसेबसे पेलत असते. पंख्याचा रॉड त्यातून आरपार जाऊन वरच्या स्लॅबमधल्या हुकालाच अडकला पाहिजे, त्यासाठी लांब रॉड मिळतो. सजावट करताना हूक झाकला गेला असेल तर छत तिथे कापावे लागते. त्याला पर्याय नाही.

हूकच नाही अशा जागी स्लॅबला भोक पाडून अँकर फास्टनर बसवतात. बोल्ट आवळला की त्याचे आवरण भोकात फुगते आणि काँक्रीटला घट्ट धरते. चांगल्या काँक्रीटमध्ये ही पद्धत उपयोगी आहे. पण ती पकड नुसत्या गिलाव्यात किंवा ठिसूळ झालेल्या काँक्रीटमध्ये मिळत नाही. भोक स्लॅबमधल्या विजेच्या पाइपवर जाऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते. ड्रिल मशीन भसकन आत गेले तर जागा बदलावी, मोठा फास्टनर घालून वेळ मारून नेऊ नये.

वीज बंद केली म्हणजे नेमके काय बंद केले?

भिंतीवरचे बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले सापडते. अशा वेळी बटण बंद असते, पंखा थांबलेला असतो आणि तरी वरच्या तारेत २३० व्होल्ट असतात. म्हणून मुख्य एमसीबीच बंद करावा आणि त्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे घरातले दुसरे कुणी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणून तो चढवणार नाही.

इन्व्हर्टर असलेल्या घरात एवढेही पुरेसे नाही. भारनियमनाच्या काळापासून राज्यातल्या असंख्य घरांत इन्व्हर्टर आहेत आणि त्यावर सर्वांत आधी जोडलेली गोष्ट म्हणजे पंखाच. मुख्य पुरवठा बंद झाला की इन्व्हर्टर आपले काम चोख करतो आणि पंख्याच्या तारेत वीज सोडतो. त्यामुळे तोही बंद करावा लागतो. त्यानंतर टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करावी आणि मग पंख्याच्या दोन्ही तारांना लावून पाहावे. जुना पंखा उतरवताना कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नये, वीज बंद झाल्यावरही त्यात थोडा भार शिल्लक राहू शकतो.

आणि शिडी. पलंगावर स्टूल ठेवून पंखा बसवण्याची कसरत घरोघरी पाहायला मिळते. खाली गादी दबत असते, वर दोन्ही हात गुंतलेले असतात. पलंग सरकवून जमिनीवर घडीची शिडी ठेवायला दोन मिनिटे लागतात. काम दोघांचेच आहे. एकाने पंखा उचलून धरायचा आणि दुसऱ्याने जोडायचा.

तारा, अर्थिंग आणि रेग्युलेटर

जोडणी तशी सोपी आहे. फेज बटणातून आणि रेग्युलेटरमधून पंख्याकडे, न्यूट्रल थेट. आपल्याकडे लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची मानली जाते, पण जुन्या घरात हाताला लागेल ती तार वापरलेली असते, म्हणून रंगापेक्षा टेस्टरवर विश्वास ठेवावा. पंख्याचे अंग धातूचे असल्याने अर्थिंगची तार जोडायलाच हवी. अनेक जुन्या घरांत छतापर्यंत दोनच तारा आलेल्या असतात आणि पंख्याची हिरवी तार वाटीत गुंडाळून ठेवली जाते. पंखा त्यानेही फिरतो. मोटरचे वेष्टण बिघडून वीज अंगावर उतरली तर ती तार कामाला येते. एमसीबी वायरिंगला जादा भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतो. माणसाच्या शरीरातून वीज वाहू लागली तर ती तोडण्यासाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लागतो. दोन्ही सारखेच दिसत असल्याने हा गोंधळ होतो.

साधा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. त्यामुळे बदल वाढला आहे. पण बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटमधून नियंत्रित होतो. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधेच राहिला तर ते सर्किट बिघडू शकते, म्हणून तो काढून तारा थेट जोडाव्या लागतात.

उंची किती असावी? आणि डगमगणारा पंखा पडतो का?

पाती आणि छत यांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर वरून हवा ओढली जात नाही आणि महागडा पंखाही मरगळल्यासारखा वाटतो. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास असाव्यात. नऊ फुटी खोलीत ही दोन्ही गणिते जेमतेम जुळतात. पोटमाळा काढलेल्या किंवा दुमजली पलंग ठेवलेल्या खोलीत ती जुळत नाहीत. ४८ इंची पंख्याच्या पातीचे टोक पूर्ण वेगात ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने जात असते, हे वरच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलाच्या हाताच्या संदर्भात लक्षात ठेवलेले बरे.

डगमगण्याचे कारण बहुधा पातीत असते. उतरवून ठेवताना एखादी पाती किंचित वाकलेली असते, स्क्रू कमीजास्त आवळलेले असतात किंवा दोन पंख्यांच्या पाती एकमेकांत मिसळलेल्या असतात. पाती संचाने जुळवलेल्या असतात, त्यामुळे एक वाकली तरी संच बदलावा लागतो. वीज बंद करून प्रत्येक पातीच्या टोकाचे छतापासूनचे अंतर टेपने मोजले तर दोषी पाती लगेच सापडते. थोडेसे हलणारा पंखा लगेच पडत नाही. पण जो पंखा काल स्थिर होता आणि आज हलू लागला, किंवा ज्यातून लोखंड घासल्याचा आवाज येतो, तो बंद ठेवून वरची वाटी उतरवून पाहायला हवा. दिवाळीच्या साफसफाईत पाती पुसल्या जातातच. तेव्हाच वाटी खाली सरकवून गुल्ला, नट आणि पिन पाहून घेतली तर वेगळी तपासणी करावी लागत नाही.

स्वतः पंखा बसवणे नियमात बसते का?

बसते, पण मर्यादेत. विद्युत सुरक्षेच्या नियमांनुसार घरातले विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असते. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, बटणे अशा गोष्टी आहे त्याच जागी बदलण्याला त्यातून सूट आहे. अट एवढीच, की त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलू नये. १९५६ च्या नियमांत असलेली ही सूट केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नंतरच्या नियमावलीतही कायम राहिली. म्हणजे जुना उतरवून त्याच हुकाला, त्याच तारांना नवा पंखा लावता येतो.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. छताच्या पंख्यांना ते सक्तीचे करणारा आदेश केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला. त्याआधी, १ जानेवारी २०२३ पासून, वीजबचतीचे तारांकनही सक्तीचे झाले. ही दोन्ही चिन्हे पंख्याबद्दल सांगतात, हुकाबद्दल नाही. स्वयंपाकघरात जिथे कधीच पंखा नव्हता तिथे नवी तार ओढून, स्लॅबला भोक पाडून पंखा लावायचा असेल, तर ते बदलण्याचे काम नसून नवे काम ठरते आणि त्यासाठी परवानाधारक माणूसच बोलवावा लागतो.